दुसऱ्या शुक्रवारच्या घंटा

अक्सब्रिज, २४ जानेवारी १६४५

प्रिय लेटी,

हे पत्र राजाच्या माणसाच्या हातून येतंय म्हणून दचकू नकोस. आणि हंफ्रीला सांग, तुझी मेहुणी अजून पार्लमेंटचीच आहे, फितूर झालेली नाही. तो माणूस इथे उतरायची घरं बघायला आला होता. हो, इथेच! राजा आणि पार्लमेंट यांच्यात तहाची बोलणी व्हायची ठरली आहेत, आणि ती आमच्या अक्सब्रिजला. तुमचं ऑक्सफर्ड राजाचं, लंडन पार्लमेंटचं, आणि आम्ही वाटेवर, म्हणून आमचं नशीब उघडलं. अडीच वर्षं एकमेकांची डोकी फोडून झाल्यावर आता आमच्या गल्लीत येऊन बोलणार आहेत.

रस्त्याच्या एका अंगाच्या सराया राजाच्या वतीने बोलणी करणाऱ्या वकिलांना दिल्यात, समोरच्या अंगाच्या पार्लमेंटच्या वकिलांना. माझी 'करडा हंस' सराई नेमकी राजाच्या बाजूला आली. माझा मुलगा राजाच्या कैदेत, आणि मी राजाच्या माणसांच्या गाद्या झटकायच्या! हस, पोटभर हस. मीही आज खूप दिवसांनी हसले.

रविवार सोडून वीस दिवसांची मुदत आहे म्हणे. चर्चमध्ये बिशप असावेत की नसावेत, सैन्य कुणाच्या हुकमात राहावं, आणि आयर्लंडचं काय करावं, असे तीन विषय. एकेका विषयाला तीन दिवस, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तह झाला की दोन्हीकडचे कैदी सुटणार, हे त्या माणसाने स्वतः सांगितलं. मी त्याला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, मी गाद्या मोजायला आलोय, पण सुटतील म्हणतात खरं."

टोबी कसा आहे? न्यूबरीच्या लढाईत तो धरला गेला त्या दिवसापासून मी त्याला तुझ्याच डोळ्यांनी बघतेय. सगळं लिही.

या महिन्यात आमच्या उपवासाचा बुधवार नेमका ते लोक यायच्या दिवशीच आलाय. आमचा महिन्यातला शेवटचा बुधवार, तुमचा दुसरा शुक्रवार. मागणं एकच, शांतता दे म्हणून, पण वार मात्र वेगवेगळे. देवाने तरी कुणाची हजेरी लावायची?

तुझी ताई,
थॉमसिन


ऑक्सफर्ड, २७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी चुलीपुढेच नाचले. हंफ्री म्हणाला, "तह झाला तर माझे घोडेस्वारांचे हातमोजे कोण घेणार?" मी म्हटलं, लग्नातले शिव, आता लग्नं होतील. चेहरा पाडून बसला होता, पण रात्री मला म्हणाला, "पोरगा सुटला तर एक जोडी त्याला फुकट." म्हणजे बघ, माझा नवरा आणि फुकट!

टोबी मजेत आहे. नदीकाठी माल्टचं जुनं कोठार आहे, त्यात इतर कैद्यांबरोबर ठेवलाय, हे तुला माहीतच आहे. मला रोज दुपारी टोपली घेऊन जाऊ देतात. काल वाटाण्याची पेज नेली होती, तू करतेस तशी, वाळलेला पुदिना चुरून. वाडगा चाटूनपुसून साफ केला. गाल चांगले वर आलेत. तुरुंगात माणूस जाड होतो हे मी पहिल्यांदाच बघतेय, असं मी त्याला चिडवलं. तो म्हणाला, "मावशी, राजाचा पाहुणचार आहे, वाया कसा घालवू?"

येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर थोडा मध पाठवशील का? आणि जुनी मऊ पातळ कापडं असतील तर तीही. हंफ्रीला हातमोजे गुंडाळायला लागतात.

आमच्या शुक्रवारची चेष्टा करू नकोस. त्या दिवशी शहरातल्या सगळ्या चर्चच्या घंटा एकदम वाजतात, मला फार बरं वाटतं. रडायला कारण लागत नाही त्या दिवशी.

तुझी,
लेटिस


अक्सब्रिज, ३१ जानेवारी

प्रिय लेटी,

मध आणि कापडं पाठवते आहे. हे सगळं पेनीफादर नावाच्या गृहस्थाच्या मसाल्याच्या पेटीतून येईल. हा राजाच्या वकिलांचा आचारी, माझ्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलाय. माणूस लठ्ठ आणि गोड आहे. दर एक-दोन दिवसांनी यांचा घोडेस्वार राजाचा हुकूम विचारायला ऑक्सफर्डला पळतो. पेनीफादरने त्याला माझी पत्रं न्यायला राजी केलंय, माझ्या लोणच्याच्या बरणीवर.

आता नीट वाच. बुधवारी संध्याकाळी दोन्हीकडचे लोक आले. चिखल, घोडे, पेट्या, एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करणं. राजाच्या लोकांना भूक लागली होती. त्यांचा काही त्या दिवशी उपवास नव्हता. मी यजमानीण, काय करणार? गाईचं मांस भाजलं. लेटी, आमच्या उपवासाच्या दिवशी, माझ्या हातांनी. वास रस्ता ओलांडून गेला. समोर पार्लमेंटची माणसं दिवसभराच्या रिकाम्या पोटी दारात उभी होती. एक जण ओरडला, "बाई, आज वार कुठला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. एक तरुण पाद्री चर्चमध्ये उभा राहिला आणि भर गर्दीत म्हणाला, ही राजाची माणसं तह करायला आलेली नाहीत, आपल्याला झोपवायला आलीत. राजाचे वकील खवळले, तक्रारी झाल्या. बोलण्यांचा पहिला दिवस, आणि हे! मला वाटलं, माझ्याच त्या भाजलेल्या मांसामुळे विटाळलं सगळं.

पण ऐक ना. काल संध्याकाळी समोरच्या बाजूचा एक म्हातारा वकील रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. माझ्याकडे उतरलेल्या राजाच्या एका वकिलाबरोबर तो लहानपणी एका शाळेत होता. दोघं माझ्या टेबलाशी बसून त्यांच्या मास्तरांच्या छडीच्या गोष्टी सांगत हसले. उठताना राजाकडचा म्हणाला, "तुम्ही थोडं सोडा, आम्ही थोडं सोडतो." समोरचा म्हणाला, "तेच तर." लेटी, मी भांडी आवरत होते, मला रडू आलं. होईल गं, होईल तह.

म्हणून मी नवस बोललेय. तह होईपर्यंत सूर्य मावळेतो तोंडात काही घालायचं नाही, आणि मावळल्यावर नुसता पाव. मी एकटी नाही, टोबीनेही. त्याच्या सुटकेसाठीच आहे हे, तेव्हा त्याचाही वाटा हवा. एवीतेवी गाल वर आलेत म्हणतेस, चार दिवस कमी खाल्लं तर काय बिघडतं? आणि आमचा बुधवार, तुमचा शुक्रवार असा भेद नको, रोजच. मग देवाला तक्रारीला जागा राहणार नाही. त्याला वाचून दाखव. म्हणावं, आईही उपाशी आहे.

तुझी ताई


ऑक्सफर्ड, ६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मध मिळाला. कापडंही. देव तुझं भलं करो.

त्या नवसाचं मी टोबीला सांगणारच नव्हते. पत्र मोठ्याने वाचताना तेवढं गाळून पुढे गेले. पण तुझं अक्षर बघायचं म्हणून त्याने कागद मागितला. "आईचा 'ट' बघू दे," म्हणाला. मी दिला. मला वाटलं, तिथल्या अंधारात त्याला काय दिसतंय. तो कागद खिडकीच्या फटीशी धरून बसला आणि ओळ न् ओळ वाचली. मग माझी टोपली माझ्याकडेच सरकवली. म्हणाला, "मावशी, तह झाला की घंटा वाजतील ना शहरभर? वाजल्या की जेवतो." मी पुष्कळ गयावया केली. हसतो नुसता. तुझाच मुलगा.

ताई, त्याला मोकळं कर. एक ओळ लिही, 'टोबी, जेव.' बाकी काही नको. त्याचं वय वाढीचं आहे, आणि कोठारात गारठा फार. हंफ्रीसुद्धा म्हणतो, की उपवास धडधाकट माणसाने घरी बसून करावा, कैद्याने करू नये. तुझा नवस तू एकटीने पाळ. देवाला आईचा पुरेसा आहे.

लवकर लिही. याच घोडेस्वाराबरोबर लिही.

तुझी,
लेटिस


अक्सब्रिज, ११ फेब्रुवारी

लेटी,

घोडेस्वार उभा होता, पण मी मुद्दामच लगेच लिहिलं नाही. रागात लिहिलं असतं. आता राग निवला असं नाही, पण लिहिते.

हंफ्री म्हणतो! तुझ्या घरात देवाचं काय करायचं हे हातमोजेवाला ठरवतो का? तुमच्या त्या शुक्रवारी तो शहरभर घंटा ऐकत, चांगले कपडे घालून चर्चला जातो, आणि माझ्या मुलाने आईच्या शब्दासाठी दिवसभर कळ काढली तर लगेच वाढीचं वय! तू लहानपणापासून अशीच. कुत्र्याचं पिल्लू ओरडलं की ताटातलं उचलून द्यायची. एकोणीस वर्षांचा सैनिक आहे तो. चिखलात झोपलाय, तोफा ओढल्यात त्याने. मला तर कधीकधी वाटतं, तुमच्या घरी तह नकोच आहे कुणाला.

रागाने लिहिलं, पण खोडत नाही.

इथलं ऐक. बिशपांचे तीन दिवस गेले. दोन्हीकडच्या विद्वान पाद्र्यांनी इतकं बोलून घेतलं की रस्स्यावर साय धरली, पेनीफादरने तीनदा गरम केला. हाती काही लागलं नाही. सैन्याचे तीन दिवस गेले. हे म्हणतात, राजाचं सैन्य राजाकडे. ते म्हणतात, तसं असेल तर उद्या तोच राजा आमच्या माना कापील. आता आयर्लंड चाललंय, त्यातही तेच. परवा तो शाळेतला म्हातारा रस्त्यापर्यंत आला, आमच्या दाराकडे बघितलं, आणि मागे फिरला. कुणीतरी त्याला बोललं असणार. आमच्याकडचा खिडकीतून बघत होता. त्या रात्री त्याचं ताट तसंच परत आलं.

ताटं अशीच परत येतात आता. मी उपाशी, आणि ती भरलेली ताटं मलाच रिकामी करावी लागतात. अशा वेळी नवस सोडू? आता तर मुळीच नाही. माझ्या हातात दुसरं आहे काय? मी काही त्या टेबलाशी बसून म्हणू शकत नाही, अरे मेल्यांनो, थोडं सोडा.

पण लेटी, काल पीठ मळताना तुझी ती 'याच घोडेस्वाराबरोबर लिही' ही ओळ डोक्यातून जाईना. तू कधी घाई करत नाहीस. काही लपवत असलीस तर मला स्पष्ट लिही. मी तुझी थोरली बहीण आहे, मोडून पडणार नाही.

थॉमसिन


ऑक्सफर्ड, १३ फेब्रुवारी

ताई,

स्पष्ट लिहिते.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच तो आजारी होता. कोठारात तापाची साथ आहे. गाल वर आले नव्हते, चेहरा सुजला होता. वाडगा चाटूनपुसून खाल्ला नाही, मी भरवली ती चार घास पेज. मध त्याच्या खोकल्यासाठी मागवला होता आणि कापडं त्याच्या अंगाखाली घालायला. हातमोजे गुंडाळायला नाही. तुझ्या हाती काही नव्हतं, तू इतक्या लांब, म्हणून म्हटलं, कशाला जिवाला घोर. शिवाय तह होईलच आणि तोवर मी त्याला बरं करीन, असं मला खरंच वाटत होतं.

आणि दुसरं. मला फक्त दुपारी आत सोडतात. मी पाव उशाशी ठेवून येते, संध्याकाळी खा म्हणून. पण अंधार पडला की तिथे कुणाचं काही राहत नाही, ताई. ती माणसंही भुकेलेलीच आहेत. म्हणजे तुझ्या नवसाने त्याला दिवसा मी देते ते चालत नाही आणि रात्री काही उरत नाही. आठवडा झाला. मी ओरडले, रडले. पहाऱ्यावरच्या शिपायाला मध्ये घातलं. तो राजाचा माणूस, दाढीवाला, एरवी बोलत नाही. तोही म्हणाला, "पोरा, खा रे." टोबी म्हणतो, "आईने तिकडे काही खाल्लेलं नाही. मी कसा खाऊ?"

मी पहिल्यांदाच खरं लिहिलं असतं तर तू असला नवस बोललीच नसतीस. हे मला रोज त्या कोठाराच्या दारात आठवतं.

एक ओळ लिही.

लेटिस


अक्सब्रिज, १५ फेब्रुवारी

टोब्या, माझ्या राजा, खा.

नवस सुटला. मी सोडला. मी आत्ता, भर दुपारी, पेनीफादरसमोर पाव खाल्ला, लोणी लावून. तूही खा. मावशी देईल ते खा, चोरून मिळालं तर चोरून खा. देवाशी काय बोलायचं ते मी बोलते. तह होवो न होवो, तू खा.

लेटी, हे त्याच्या हातात दे. मोठ्याने वाचू नकोस, कागदच दे, म्हणजे अक्षर माझंच आहे हे त्याला दिसेल. घोडेस्वाराला मी माझं पांघरूण देऊन विनवलंय, वाटेत थांबू नको म्हणून. तुझ्यावर रागवायला माझ्याजवळ आत्ता वेळ नाही.


ऑक्सफर्ड, १७ फेब्रुवारी

ताई,

तुझी चिठ्ठी काल, रविवारी संध्याकाळी आली. टोबी शनिवारी पहाटे गेला.

हंफ्रीने खटपट करून त्याला आमच्या चर्चच्या आवारात जागा मिळवली. कैद्यांना बाहेर खड्ड्यात पुरतात. तो अडून बसला, की हा माझ्या बायकोचा भाचा आहे, राजाचा कैदी नाही. जुन्या प्रार्थनापुस्तकातली प्रार्थना म्हटली, जी तुमच्याकडे आता बंद केली आहे. मला माहीत आहे, तुला आवडणार नाही. माझ्याजवळ तेवढीच होती.

तुझी चिठ्ठी मी त्याच्याजवळ ठेवू शकले नाही, माती टाकून झाली होती. ती माझ्याकडे आहे.

आणखी लिहवत नाही.

लेटिस


अक्सब्रिज, २३ फेब्रुवारी

लेटी,

काल मुदत संपली. तह झाला नाही.

तिन्ही विषयांच्या दोन-दोन फेऱ्या झाल्या, म्हणजे तेच ते पुन्हा बोलून झालं. शेवटी राजाच्या लोकांनी थोडे दिवस वाढवून मागितले, ते मिळाले नाहीत. आज सकाळपासून पेट्या बांधणं चाललंय. शाळेतले ते दोघे रस्त्याच्या दोन बाजूंनी आपापल्या घोड्यावर चढले. एकाने टोपी काढली, दुसऱ्याने घोडा वळवला. आता पुन्हा लढतील. इथे सगळे म्हणतात, पार्लमेंट नवीन फौज उभी करतंय. ज्यांची पोरं घरी आहेत ती आता जातील.

मी त्यांच्या गाद्या काढतेय. एकेका गादीवर एकेक माणूस वीस-वीस दिवस झोपला, उठला, जेवला, आणि 'नाही' म्हणाला. मला कुणाचाच राग येत नाही. राग यायलाही काही उरावं लागतं.

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं. तू खोटं लिहिलंस, तुझ्या खोट्याने मला आंधळं केलं, असं खूप लिहिलं आणि चुलीत टाकलं. तू खोटं लिहिलंस ते माझ्यासाठी, मी नवस बोलले तो त्याच्यासाठी, आणि त्याने पाळला तो माझ्यासाठी. तिघांपैकी कुणी जरा कमी माया केली असती, तर तो आज जिवंत असता. असं वाटतं आणि मग पीठ मळता येत नाही.

जेवणाचं म्हणशील तर घास उतरत नाही. बुधवारी आमचा उपवास आहे. लोकांना वाटेल, बाई भाविक आहे.

मला एकच सांग. पत्र आलं नाही तोवर त्याला कळलंच नाही ना, की मी नवस सोडलाय? म्हणजे तो माझ्या शब्दाखाली उपाशीच गेला ना? तू शनिवारच्या पहाटेचं लिहिलंस, त्याच्या आदल्या दिवसाचं एक अक्षर नाही. खरं काय ते लिही. मला बरं वाटेल असं लिहू नकोस. पुन्हा खोटं लिहिलंस तर मला बहीण नाही.

पेनीफादर जाताना हे नेतोय. रडत होता, लठ्ठ मेला.

थॉमसिन


ऑक्सफर्ड, २६ फेब्रुवारी

ताई,

पेनीफादर स्वतः दारात आला. बसला नाही, पत्र दिलं आणि माझ्या हातात तुझी लोणच्याची बरणी ठेवली, अर्धी रिकामी. म्हणाला, "तिला सांगा, पोहोचलो."

आदल्या दिवसाचं लिहिलं नाही, कारण त्यात मी पुन्हा खोटं बोलले होते. तुला सांगायची लाज वाटली. आता सांगते.

तो शुक्रवार होता, महिन्यातला दुसरा. आमच्या उपवासाचा. चूल थंड होती, हंफ्री चर्चला निघाला होता. मी तरी चूल पेटवली. त्याने बघितलं, विचारलं नाही, दार मात्र लावून घेतलं, शेजाऱ्यांना धूर दिसू नये म्हणून. मी वाटाण्याची पेज केली. तुझ्यासारखी, पुदिना घालून.

कोठारात गेले तेव्हा टोबी भिंतीला टेकून होता. ताप उतरला होता. उतरला की बरं वाटतं, पण मला ते उतरणं बघून भीती वाटली. त्याला सगळं समजत होतं. "मावशी, टोपली परत ने," म्हणाला. तेवढ्यात घंटा सुरू झाल्या. आधी एका चर्चची, मग दुसऱ्या, मग सगळ्या शहरभर, राजाच्या उपवासाच्या.

टोबी ताठ झाला. माझ्याकडे बघितलं. "झाला?"

ताई, मी आयुष्यात इतकं सहज कधी बोलले नाही. म्हटलं, "झाला, बाळा. आज सकाळी सह्या झाल्या. ऐक ना."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्याने दाराकडे, त्या दाढीवाल्या शिपायाकडे बघितलं. "खरं का, दादा?" शिपायाला माहीत होतं त्या घंटा कशाच्या. तो स्वतः सकाळपासून उपाशी होता. त्याने शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि म्हणाला, "खरं आहे. लढाई संपली. आता गपचूप जेव, मला तुझी टोपली किती वेळ राखायला लावशील?"

सगळं कोठार उठून बसलं. ज्यांना उठता आलं ते. एक जण रडायला लागला. त्यांना नंतर कुणी आणि कसं सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

टोबी म्हणाला, "म्हणजे आता आई पण जेवली असेल." मी म्हटलं, केव्हाच, तुझ्या आधी. मग त्याने वाडगा घेतला. मी भरवायला गेले तर म्हणाला, "मी काय लहान आहे का?" स्वतःच खाल्लं. मध्येच थांबून म्हणाला, "पुदिना जास्त झालाय, मावशी. आई एवढा घालत नाही." घंटा वाजेपर्यंत खात होता. मग झोपला. पहाटे शिपायाने निरोप पाठवला. तो म्हणतो, झोपेतच.

तू म्हणशील, ही पुन्हा मला बरं वाटेल असं लिहितेय. नाही. मी खोटं त्याला सांगितलं, ताई, तुला नाही. पाहिजे तर त्या शिपायाला विचार. तो अजून तिथेच आहे, मला बघितलं की मान खाली घालतो. तह झाला नाही हे मला माहीत आहे. हंफ्रीला सकाळीच दोनशे जोड हातमोज्यांची मागणी आली, घोडेस्वारांच्या. तो कातडं कापतोय.

आज तुमच्याकडे उपवासाचा बुधवार. मी तुला जेव म्हणणार नाही, तू माझं कधी ऐकलंयस? पण त्याचं ऐकशील म्हणून लिहिते. तू जेवलीस असं समजूनच तो जेवला.

तू विचारलंस म्हणून पुन्हा सांगते. वाडगा रिकामा होता. पाव फिरवून कडासुद्धा पुसून घेतल्या होत्या त्याने.

तुझी,
लेटी